कोरा भाग म्हणजे शून्य नव्हे



"हा आजार खेड्यातल्या बायकांना होत नाही हो!" हे वाक्य मी गेल्या महिनाभरात तीनदा ऐकलं. एकदा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानात, एकदा लग्नाच्या पंगतीत आणि तिसऱ्यांदा व्हॉट्सॲपवर, रंगीत नकाशासकट. नकाशा भारताचा. मोठी शहरं लालभडक, त्यांच्याभोवती थोडा केशरी रंग आणि बाकी सगळा देश पांढरा स्वच्छ. खाली मजकूर असा, की जिथे जुनी राहणी टिकून आहे तिथे स्तनाचा कॅन्सर नाही. शेवटी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा' अशी विनंती.

मी पुढे पाठवला नाही. उत्तर लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच लिहावं. नात्यातल्या सगळ्यांनी वाचावं, आणि ज्यांनी मला तो नकाशा पाठवला त्यांनी तर जरूर वाचावं. (तुम्ही राग मानू नका. राग मला आलेला आहे, तेवढा पुरे.)

आधी एक गोष्ट. आजाराचं नाव मी सरळ लिहिणार आहे. व्याख्यानाला आलेले गृहस्थ तासभर 'बायकांचा तो आजार' असंच म्हणत होते. आपल्याकडे म्हणच आहे, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर. आता घरोघरी जावई डॉक्टर नसतात, दवाखाने आहेत, बाई डॉक्टर आहेत, तरी जीभ काही सैल होत नाही. जो शब्द उच्चारायचीच चोरी, त्याची नोंद कोण आणि कशी करणार? तेव्हा स्तनाचा कॅन्सर म्हणजे स्तनाचा कॅन्सर.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि चौतीस वर्षं हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवला. पण नकाशा कसा वाचायचा हे मी दरवर्षी साठ-सत्तर पोरांना शिकवलेलं आहे, तेव्हा निदान तेवढ्यावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते.

नकाशा हातात आला की आधी काय बघायचं? शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची. सूची म्हणजे कोणता रंग काय सांगतो त्याचा कोपऱ्यातला तक्ता. या व्हॉट्सॲपच्या नकाशाला सूची होती. लाल म्हणजे जास्त, केशरी म्हणजे मध्यम, पिवळा म्हणजे कमी. पांढऱ्याचं काय? पांढऱ्याचा उल्लेखच नव्हता. पाहणाऱ्याने आपल्या मनाने ठरवलं की पांढरा म्हणजे काही नाही, सगळं कुशल मंगल. नववीतल्या पोराने असा नकाशा काढला असता तर मी त्याचे दोन मार्क कापले असते.

शिक्षक मंडळींना हे लगेच कळेल. निकालपत्रकात एका मुलापुढे शून्य असतं आणि दुसऱ्यापुढे 'गैरहजर' असतं. दोघांच्या बेरजेत फरक पडत नाही, पण दोघांचा अर्थ एक नाही. शून्यवाला पेपरला बसला होता, त्याला काय येतं ते आपल्याला कळलं. गैरहजर मुलाबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही. तो कदाचित वर्गात पहिला आला असता. गैरहजराला शून्य देऊन त्यावरून 'हा ढ आहे' असा शेरा मारणारा मास्तर कसा वाटेल? देशाच्या नकाशातल्या पांढऱ्या भागाकडे बघून 'इथे आजार नाही' म्हणणारे मला तसेच वाटतात.

आता हजेरी कोण घेतं ते पाहू. आपल्या देशात कॅन्सरची मोजदाद 'कॅन्सर रजिस्ट्री' म्हणजे नोंदणी केंद्रं करतात. ठरावीक हद्दीत राहणाऱ्या लोकांपैकी वर्षभरात कुणाला नव्याने कॅन्सर निघाला हे ती दवाखान्यांतून, तपासणीच्या प्रयोगशाळांतून आणि मृत्यूच्या नोंदींतून शोधून काढतात. अशी पहिली नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली आपल्या मुंबईत सुरू केली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. तिच्यामुळेच पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसतो हे कळलं, आणि पुढे मुंबईत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कमी होत गेला नि स्तनाचा वाढत गेला हेही कळलं. मग १९८१-८२ च्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशभरच्या ४३ नोंदण्यांची माहिती आहे. चांगली गोष्ट आहे. पण या ४३ मिळून देशाची किती लोकसंख्या येते? दहा ते अठरा टक्के.

म्हणजे शंभर मुलांच्या वर्गात फार तर अठरा जणांची हजेरी घेतली. त्या अठरांतही शहरातली मुलं जास्त, कारण मोठे दवाखाने शहरात आणि नोंदवहीसुद्धा तिथेच. उरलेल्या ब्याऐंशींचा रंग पांढरा. आणि आपण तो नकाशा पुढे पाठवतो!

आता मी एकतर्फी बोलते असं वाटायला नको. खेड्यात हा आजार शहरापेक्षा खरोखरच कमी आहे. जिथे खेड्यात नीट मोजलं तिथेही कमीच निघाला. २०१२ ते २०१६ या काळाचा जो राष्ट्रीय अहवाल २०२० साली आला, त्यात स्तनाच्या कॅन्सरचं सगळ्यात जास्त प्रमाण हैदराबाद जिल्ह्यात होतं, लाख बायकांमागे ४८. त्याखालोखाल चेन्नई, बंगळूर, दिल्ली. त्याच अहवालात बायकांच्या सगळ्या कॅन्सरांचं मिळून सर्वांत कमी प्रमाण आपल्या बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांचं होतं, लाखामागे ४९.४. म्हणजे हैदराबादेत एकट्या स्तनाच्या कॅन्सरचा जो आकडा, जवळपास तेवढा बीड-उस्मानाबादेत सगळ्या कॅन्सरांचा मिळून. हे आकडे वयाचा फरक काढून टाकून केलेले असतात. (तिसरीच्या वर्गाची सरासरी उंची दहावीशी ताडून 'तिसरीतली पोरं खुजी' म्हणता येत नाही, तसंच हे.) त्यामुळे 'खेड्यात म्हाताऱ्या बायका कमी' असंही म्हणून चालत नाही. फरक खरा आहे. पाळणा लवकर हलणं, मुलं जास्त होणं, अंगावर बरीच वर्षं पाजणं यांनी धोका काहीसा कमी होतो हे जगभर दिसलेलं आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बीड-उस्मानाबादचा आकडा मला मान्य आहे कारण तिथे मोजलं आहे. तोच रंग न मोजलेल्या शेकडो तालुक्यांवर फासायचा अधिकार कुणालाही नाही. आणि दुसरी गोष्ट, 'कमी' आणि 'नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कसा, ते नकाशाच्याच भाषेत सांगते.

वितरणाचे नकाशे काढायच्या तीन पद्धती आम्ही शिकवत असू. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत आणि समघनी पद्धत. समघनी इथे बाजूला ठेवू. क्षेत्रघनी म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याला रंग किंवा छटा द्यायची. ती प्रमाण दाखवते, लाखामागे किती. टिंब पद्धतीत ठरावीक संख्येला एक टिंब द्यायचं. ती प्रत्यक्ष संख्या दाखवते. एकाच माहितीचे दोन्ही नकाशे काढले तर पोरं चक्रावून जायची, "बाई, हे एकाच देशाचे आहेत?"

आता हे गणित करून बघा. समजा शहरात लाख बायकांमागे दरवर्षी ३० जणींना हा आजार होतो आणि खेड्यात त्याच्या निम्मा, १५ जणींना. (आकडे सोपे धरलेत, गणित कळावं म्हणून.) २०११ च्या जनगणनेत शंभरातली ६९ माणसं खेड्यात होती आणि ३१ शहरात. मग एक कोटी बायकांत शहरातल्या ३१ लाखांतून ९३० रुग्ण निघाल्या आणि खेड्यातल्या ६९ लाखांतून १,०३५. खेड्यातल्या जास्त झाल्या! बरं, तेव्हापासून शहरं फुगलीत, तर ३६ आणि ६४ धरू. शहरात १,०८०, खेड्यात ९६०. तरीही जवळपास अर्ध्या रुग्ण खेड्यातल्याच. क्षेत्रघनी नकाशात खेडं फिकट दिसेल, आणि टिंब पद्धतीने काढलात तर सगळा देश टिंबांनी भरून जाईल. फिकट रंगाच्या भागात राहणाऱ्या बाईची गाठ काही फिकट नसते.

याहून जास्त राग मला नकाशाखालच्या प्रवचनाचा आला. शहरातल्या बायका शिकल्या, नोकऱ्या करायला लागल्या, उशिरा लग्नं केली, एकच मूल झालं, म्हणून हा आजार, असा एकूण सूर. म्हणजे नकाशाचा उपयोग काय, तर सुनांना टोमणे मारायला. वय, बाळंतपणं, अंगावर पाजणं यांचा संबंध लाखो बायकांच्या सरासरीत दिसतो, हे मी वर लिहिलंच आहे. पण सरासरी म्हणजे एखाद्या बाईचा न्यायनिवाडा नव्हे. चार मुलांची आई असलेल्या बाईलाही स्तनाचा कॅन्सर होतो आणि अविवाहित बाई नव्वद वर्षं ठणठणीत जगते. मुलगी शिकू नये असा निष्कर्ष ज्या नकाशातून काढला जातो, तो नकाशा काढणाऱ्याने आधी स्वतः शाळेत जावं! उलट, शिकलेल्या बाईला गाठ लागली तर ती निदान तोंड उघडून सांगते आणि दवाखान्यात जाते. म्हणून तर ती मोजली जाते. शहर लाल दिसण्यात थोडा वाटा या तोंड उघडण्याचाही आहे.

तोंड न उघडणाऱ्या बाईचं काय होतं ते मी पाहिलं आहे. माझी चुलत बहीण, आम्ही तिला माई म्हणायचो. मराठवाड्यातलं खेडं, घरची कोरडवाहू शेती, तीन मुलं. पन्नाशीला आलेली असताना तिच्या डाव्या स्तनात गाठ आली. सुपारीएवढी होती तेव्हा तिने फक्त थोरल्या जावेला सांगितलं, आणि दोघींनी मिळून ठरवलं की कुणाला सांगायचं नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा दीड वर्ष होऊन गेलेलं. मी रागावले तर म्हणाली, "काही दुखत नाही गं अक्का. दुखत नाही तर डॉक्टरकडं कशाला जायचं?" हीच तर त्या गाठीची लबाडी. सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखतच नाही. आपल्याकडे न दुखणाऱ्या दुखण्याला सुट्टी मिळत नाही, एस.टी.चं भाडं मिळत नाही, आणि सोबत यायला माणूसही मिळत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी तालुक्याला कुणीतरी लेप दिला. मग मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे पुतण्याचा भांडुपचा पत्ता दिला, कारण कुणीतरी सांगितलं की इथला पत्ता असला की बरं पडतं. दोन वेळा औषध चढवलं आणि पैसे संपले तशी ती परत आली. गेली ती घरीच. ग्रामसेवकाने कारण विचारलं तेव्हा मुलांनी 'जुनं दुखणं' असं सांगितलं आणि तसंच ते कागदावर गेलं.

आता मला सांगा, माई कोणत्या नकाशात आहे? मुंबईच्या नोंदणीत बसायला माणूस निदान वर्षभर तिथे राहिलेला लागतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर सगळ्या देशाचा कॅन्सर परळच्या नावावर लागेल. त्यामुळे मुंबईच्या आकड्यात ती नाही. तिच्या गावाकडे नोंदवही नव्हती. मृत्यूच्या कागदावर आजाराचं नाव नाही. (देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण लिहून दिलेले २०२० साली साडेबावीस टक्केच होते. म्हणजे दर पाचांतल्या जवळजवळ चौघांचं कारण असंच कुणीतरी सांगितलेलं किंवा न सांगितलेलं.) नकाशात माईचं गाव पांढरं आहे. आणि त्या पांढऱ्या रंगाकडे बोट दाखवून मला कुणी सांगतं की बघा, जुन्या राहणीत हा आजार नाही!

न विचारल्यामुळे न दिसणं ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला तरी नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना घरी जाऊन विचारलं, तपासलं. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. त्या दोन गावांचा नकाशा आदल्या दिवशी काढला असता तर तो पांढराच निघाला असता. आजार आदल्या दिवशीही होता, प्रश्न विचारणारं माणूस नव्हतं.

आणि माणूस गेलं की काय होतं? त्याचं उत्तर बार्शीत आहे. भगवंताच्या बार्शीत, सोलापूर जिल्ह्यात, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात आहेत. शहरासारखं दवाखान्यात बसून नोंदी जमवायच्या म्हटलं तर वही कोरीच राहिली असती, कारण बायका दवाखान्यात येतच नव्हत्या. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. जाणत्या लोकांना भेटले, बैठका घेतल्या, कोणती लक्षणं दिसली तर यायचं ते समजावलं, आणि ज्यांना शंका होती त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात तपासायला आणलं.

याचा परिणाम बघा. काही वर्षांतच या भागात गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधीच्या, बरा होण्यासारख्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण वाढलं. १९९५ साली हे प्रसिद्धही झालं. मोठं यंत्र आणलं नव्हतं. फक्त मोजायला माणसं गेली होती, आणि मोजता मोजता बोलली होती. 'मोजून काय होणार, त्यापेक्षा औषधं द्या' असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. नीट मोजणं हाच औषधाचा पहिला डोस असतो. तुमच्या दारात कुणी वही घेऊन येतं आणि 'ताई, गाठ आहे का कुठं?' असं विचारतं, तेव्हा तो शब्द त्या गावात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला जातो.

माझ्या मते आपण नकाशाही चुकीच्या गोष्टीचा काढतो. आजार कुठे किती, एवढंच रंगवून थांबतो. तो कळला तेव्हा कोणत्या टप्प्यावर होता आणि पुढे बाई जगली का, याचा नकाशा काढा की. २०२४ साली अकरा नोंदण्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कॅन्सर कळल्यावर पाच वर्षं जगणाऱ्या बायकांचं प्रमाण एकूण ६६.४ टक्के. मिझोरममध्ये ७४.९ टक्के, अरुणाचलातल्या पासीघाटमध्ये ४१.९. दोन्ही ईशान्येकडलीच डोंगराळ राज्यं, मिझोरम काही मुंबई नव्हे! आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा असा, की गाठ जागच्या जागी असताना सापडली तर ८१ टक्के बायका पाच वर्षं जगल्या, आजार शरीरात लांब पसरल्यावर सापडला तर १८.३ टक्के. हा नकाशा जर तालुक्यातालुक्याचा काढला तर फिकट दिसणारी खेडी किती काळी दिसतील याचा विचार करा. तो काढता येत नाही, कारण माहितीच नाही.

गाठ लवकर सापडायला दर वेळी महागडं यंत्रच लागतं असं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं एक अभ्यास केला. त्यात निम्म्या बायकांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी नुसत्या हाताने केली, दोन वर्षांतून एकदा. २०२१ साली निष्कर्ष आले. आजार आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. (सगळ्या वयांचं मिळून धरलं तर फरक कमी होता आणि तो पक्का म्हणता येईल असा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगते.) शिकवलेले दोन हात पुरले. आणि आपल्याकडे चित्र काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या होत्या ०.९ टक्के. हजारात नऊ. तपासणीची सरकारी योजना कागदावर २०१६ पासून आहे बरं का.

'एवढा मोठा देश, कसं मोजणार?' हे पालुपद पंगतीतल्या त्या गृहस्थांनीही लावलं. मला हसू आलं. अहो, मोजणारी मी तुमच्यासमोर बसले आहे! १९८१, १९९१ आणि २००१, तीन जनगणनांना मी उन्हात दारोदार फिरले आहे. घराच्या भिंती कशाच्या, चूल कशावर पेटते, पाणी किती लांबून आणता, घरात रेडिओ आहे का, सगळं विचारून लिहिलं आहे. मतदार याद्या केल्या, पल्स पोलिओला बूथवर बसले. रानातल्या एकेकट्या झोपडीपर्यंत आपला देश पोचू शकतो, कारण तिथे मत असतं. मनावर घेतलं तर गाठीपर्यंतही पोचेल.

उलट मोजण्याच्या बाबतीत आपण मागेच चाललोय अशी मला भीती वाटते. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता ती २०२७ ला धरली आहे. म्हणजे 'लाखामागे किती' हे सांगताना तो लाख कुठला, तर २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने वाढवलेला. वर रुग्णांचा आकडा, खाली लोकसंख्या. बऱ्याच ठिकाणी वरचा मोजलेला नाही आणि खालचा जुना झाला. भारतात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरच्या १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा जागतिक संस्थेचा आकडा सगळीकडे छापून येतो. तोही अंदाजच आहे, या मूठभर नोंदण्यांवरून बांधलेला. मूठ मोठी केल्याशिवाय अंदाज सुधारायचा नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते लिहिते.

पहिलं, कॅन्सरचा प्रत्येक नवा रुग्ण कळवणं देशभर सक्तीचं व्हावं, दवाखाना सरकारी असो की खाजगी. काही राज्यांनी हे केलेलं आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ साली सगळ्या देशासाठी ही शिफारस केली होती. 'हा साथीचा आजार नाही' असं कारण पुढे केलं जातं. नसेल. पण साथ नसलेल्या आजारानेही माणूस मरतोच.

दुसरं, प्रत्येक महसूल विभागात निदान एक तरी ग्रामीण नोंदणी बार्शीच्या धर्तीवर व्हावी. सगळा देश एका दिवसात मोजा असं मी म्हणत नाही. नमुना नीट निवडला तर थोडक्यात पुष्कळ कळतं.

तिसरं, आशाताईंना गाठ कशी तपासायची ते शिकवा आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. आणखी एक वही त्यांच्या डोक्यावर फुकट मारू नका. आणि त्यांनी शोधलेल्या बाईला पुढे कुठे पाठवायचं ते आधी ठरवा. गाठ सापडली पण सुई घालून तपासायची सोय शंभर किलोमीटरवर, असं असेल तर त्या बाईची नुसती झोप उडवून काय मिळवलं?

चौथं, नकाशे छापणाऱ्या सगळ्यांना विनंती. जिथे मोजलेलं नाही तिथे पांढरा रंग ठेवू नका. काळ्या रेघा मारा आणि सूचीत स्पष्ट लिहा, 'गैरहजर'. बघणाऱ्याला टोचलं पाहिजे.

आणि नात्यातल्या सुना-लेकींना, भाच्यांना, पुतण्यांना सांगते. गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं किंवा बोंड आत गेलं तर दुखायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. गावाकडे आपली आत्या, काकू, मावशी असेल तर फोन करून सरळ शब्दांत विचारा. दवाखान्यात पत्ता द्याल तो खरा, गावाचा द्या, आणि मृत्यूची नोंद करायची वेळ आली तर आजाराचं नाव लिहायला लावा. त्यात गेलेल्या बाईची काही अब्रू जात नाही.

त्या व्हॉट्सॲपच्या नकाशात एकाच रंगाची सूची राहून गेली होती, पांढऱ्याची. ती मी माझ्या परीने वर भरली आहे. आता पुढे पाठवायचंच असेल तर सूचीसकट पाठवा.